शेवटचा तांब्या

या वीकांताचा विषय जरा घरगुती आहे. केस धुणे. पुरुष वाचकांनी लगेच खिडकी बंद करू नये. यात थोडं रसायनशास्त्र आहे, थोडं भाषाशास्त्र आहे आणि रत्नागिरी जिल्ह्याचा असा एक इतिहास आहे, जो देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकांत सापडत नाही.

निमित्त असं झालं. हापिसातल्या एका सहकारिणीने मला एक परदेशी कृती दाखवली. 'हर्बल टी रिन्स'. म्हणजे कॅमोमाइल, रोझमेरी, नेटल असल्या वनस्पती पाण्यात उकळायच्या, गाळून थंड करायच्या आणि केस धुऊन झाले की शेवटी डोक्यावरून ओतायच्या. "तुमच्या कोकणात असलं काही मिळतं का रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, मिळतं की, पण आम्ही त्याला चहा म्हणत नाही, काढा म्हणतो. आणि ते शेवटी ओतायचं पाणी आहे ना, त्याला आमच्याकडे वेगळं नावच नाही. तो नुसता 'शेवटचा तांब्या'. तिचं समाधान झालं, माझं झालं नाही. ज्या गोष्टीला साधं नावही द्यावंसं कोणाला वाटलं नाही, तिची पाळंमुळं खणून काढावीत अशी खुमखुमी आली. प्रोग्रामर माणसाला दुसऱ्याचा जुना, टिपणं नसलेला कोड दिसला की होतं तसंच.

माझं आजोळ गणपतीपुळ्याच्या पट्ट्यातलं, मालगुंडचं. पुळ्याला तुम्ही गेला असालच. समुद्राला खेटून देऊळ, देव पश्चिमेकडे तोंड करून बसलेला, आणि अख्खा डोंगर हाच देव म्हणून प्रदक्षिणा डोंगरालाच घालायची, साधारण एक किलोमीटरची. शेजारचं मालगुंड म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ सालचं. (केशवसुतांचा केसांशी काही संबंध नाही, केशव हे वडिलांचं नाव. पण विषय निघालाच आहे म्हणून सांगितलं. :-))

पुढच्या वेळी गेलात तर देवळावरून परतताना वाटेतल्या घरांच्या आगरांकडे जरा निरखून बघा. गडग्याला लागून लाल जास्वंद, विहिरीच्या कडेला गवती चहाचे ठोंब, मागे माड, एखादा आवळा. जास्वंद सगळीकडे, कारण गणपतीला ती लागतेच. रोज पहाटे फुलं खुडायची ती देवासाठी. पानं मात्र बायकांची. ताजी पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत गर सुटतो, तो केसांना चोळला की गुंता सहज सुटतो. एकाच झुडपाचं असं सरळ वाटप आहे: फुलं देवाला, पानं केसांना.

आता गंमत बघा. ही जास्वंद आपण किती 'आपली' मानतो! शास्त्रीय नाव मात्र 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस', म्हणजे चिनी गुलाब. गवती चहाचंही तसंच. त्या गवताला 'चहा' म्हणायचं तर आधी चहा ठाऊक हवा. आसामात चहाचे मळे उभे राहिले ते १८३० च्या दशकानंतर, आणि चहा सामान्य घरांच्या चुलीपर्यंत पोचला तो त्याच्याही खूप नंतर. १९०३ सालच्या चहा-कराच्या कायद्यातून उभा राहिलेला पैसा पुढे लोकांना चहाची सवय लावायच्या प्रचारावर खर्च झाला, तेव्हा कुठे. म्हणजे गवत जुनं असलं तरी त्याचं आजचं नाव नवं. 'परंपरेने चालत आलेलं' असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी हल्ली आधी नावाची चौकशी करतो.

सगळ्यात मजेशीर चौकशी शिकेकाईची. हा शब्द मराठी वाटतो खरा, पण कानडीत त्याला 'सीगेकायि' म्हणतात आणि तमिळमध्ये 'सीयक्काय'. 'काय' म्हणजे त्या भाषांत कच्चं फळ, शेंग. म्हणजे आपण 'शिकेकाईची शेंग' म्हणतो तेव्हा शेंगेची शेंग म्हणत असतो! सह्याद्रीच्या रानातली ही काटेरी, झाडांवर चढणारी वेल. तिचं शास्त्रीय नाव आपण शाळेत 'अकेशिया कॉन्सिना' असं शिकलो, ते आता बदलून 'सेनेगालिया रुगाटा' झालंय. रिठा मात्र संस्कृतातला, 'अरिष्टक'चा घासून घासून गुळगुळीत झालेला अवशेष. त्याचं दुसरं संस्कृत नाव 'फेनिल', म्हणजे फेसाळ. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कुठलं वस्त्र कशाने शुद्ध करावं याची यादी आहे, तिच्यात कांबळ्यांसाठी रिठा सांगितलाय. म्हणजे साबणाच्या वडीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे फेस होता, आणि तो झाडाला लागत होता.

हा फेस येतो कुठून? शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत 'सॅपोनिन' नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक साखरेसारखं, पाण्याशी दोस्ती करणारं; दुसरं टोक तेलाशी. तेलाकडचं टोक डोक्यावरच्या खोबरेल तेलाला धरतं, पाण्याकडचं टोक तांब्यातल्या पाण्याला धरतं आणि दोघं मिळून तेल ओढून नेतात. साबणही हेच करतो. फरक दोन. एक, साबण अल्कधर्मी असतो. त्याने केसावरचे खवले उघडे पडतात, केस एकमेकांत अडकतात, राठ लागतात. शिकेकाईचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, त्यात खवले मिटलेले राहतात. दोन, जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की त्याचा पांढरा चिकट साका होतो आणि तो केसांतच बसतो. सॅपोनिनचा तसा साका होत नाही. घाटावर, काळ्या खडकातल्या विहिरींच्या जड पाण्यात आजीच्या पिढीने साबणाने डोकं का धुतलं नाही, याचं उत्तर नुसतं 'संस्कृती' नाही. साबणाने धुतलेलं डोकं खरंच चिकट राहायचं.

मग शेवटच्या तांब्याचं काम काय? तर आम्ल. आवळ्याचं पाणी, जास्वंदीचं पाणी, नुसत्या चहाचं पाणी, ही सगळी सौम्य आंबट किंवा तुरट. आवळ्यातलं आणि चहातलं टॅनिन केसाच्या पृष्ठभागावर किंचित चिकटतं, केसाला थोडा भारदस्तपणा येतो, चमक येते. आवळा लोखंडी कढईत उकळला तर पाणी काळंभोर होतं, कारण टॅनिन आणि लोह यांचं काळं संयुग तयार होतं. जुन्या काळी दऊतीतली काळी शाई ज्या रसायनाने बनत असे, तेच हे. पिकलेले केस झाकायला कढई वापरायची ती याचसाठी. एवढं सगळं एका तांब्यात.

इथवर सगळं छान छान आहे. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं म्हणून लेख इथेच संपवता आला असता. पण मी आजोळच्या न्हाणीघराचा विचार करायला लागलो आणि त्या छान छान चित्रात माणसं दिसायला लागली.

आधी शब्दच बघा. मराठीत 'आंघोळ' वेगळी आणि 'न्हाणं' वेगळं. आंघोळ रोजची. न्हाणं म्हणजे डोक्यावरून. मुलगी वयात आली की 'तिला न्हाण आलं'. पाळीच्या चौथ्या दिवशी न्हायचं. लग्नाआधी न्हायचं. बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायचं आणि मग केसांना धुरी द्यायची. दिवाळीत अभ्यंगस्नान. बाईच्या आयुष्यातला प्रत्येक महत्त्वाचा टप्पा तिच्या ओल्या केसांनी नोंदवलेला. पोथीत नोंद नसेल, पण भाषेने नोंद ठेवली आहे.

आणि हे न्हाणं म्हणजे पाच मिनिटांचं काम नव्हे. शिकेकाई वाळवायची, कुटायची (कुटताना शिंकून शिंकून जीव जातो), रिठे फोडून बिया काढायच्या, रात्री भिजत घालायचं. पहाटे उठून विहिरीचं पाणी शेंदायचं, चुलीवर हंडा चढवायचा. लाकूडफाटा आधी कोणीतरी आणून ठेवलेला असायला हवा. एका लांब केसांच्या डोक्याला दोन-तीन बादल्या पाणी सहज लागतं. घरात चार मुली असतील तर हिशेब करा. आणि शेवटचा तांब्या आपला आपल्याला नीट ओतता येत नाही, कारण डोळे घट्ट मिटलेले असतात. रिठ्याचा एक थेंब डोळ्यात गेला की दिवसभर डोळा लाल. म्हणजे ओतायला दुसरं माणूस हवं.

आमच्या आजोळच्या घरात ते दुसरं माणूस म्हणजे माझ्या आजीची आत्या. मी तिला पाहिलेलं नाही. आजीकडून ऐकलंय तेवढंच. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. लाल आलवण, डोक्यावरून पदर. घरातल्या सगळ्या मुलींची शिकेकाई तीच उकळायची. आजी सांगायची, "आत्येला वेणी नुसती हातात धरली की कळायचं, किती शेंगा घालायच्या ते. मोजायची नाही कधी." पोरींची डोकी चोळायची, केस पंचाने टिपायची, उन्हात बसवून गुंता काढायची. आणि महिना-पंधरा दिवसांनी मागच्या दारी न्हावी यायचा, तो तिच्यासाठी. त्या दिवशी पोरींना माजघरातून बाहेर पडू देत नसत.

हे आजी अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगायची. मी ऐकताना सहज ऐकायचो. त्यातलं भयंकर काय ते कळायला मला खूप वर्षं लागली. घरात केसांबद्दल सगळ्यात जास्त जिला कळत होतं, तिच्याच डोक्यावर केस ठेवायची परवानगी नव्हती.

आता याला शास्त्राधार काय, तर मघाशी रिठ्याची साक्ष काढली त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात विधवेने कसं राहावं हेही सांगितलंय. ते वाचायला सुखद नाही, पण त्यात केस काढण्याचा उल्लेख नाही. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, हेही रत्नागिरी जिल्ह्याचेच. त्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या चालीचा माग काढलाय आणि तिला प्राचीन आधार नाही, ती पुष्कळ नंतरची आहे असं दाखवलंय. म्हणजे गवती चहासारखंच झालं. नवी गोष्ट, पण नाव 'सनातन'.

ही चाल मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली. कुणबी, भंडारी घरांत विधवेचा पाट लागत असे, तिथे हा प्रश्न या रूपात नव्हताच. तिथे प्रश्न वेगळा, लाकडाचा, पाण्याचा आणि वेळेचा. आणि ज्यांना गावच्या विहिरीला, तळ्याला हातच लावू देत नसत त्यांच्या बायकांनी न्हायचं कुठल्या पाण्याने? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं, त्या इतिहासाकडे आपण पिण्याच्या पाण्याच्या बाजूने बघतो. पण पाणी म्हणजे न्हाणंही असतं. 'आमच्याकडे पारंपरिक केशसंभार जपला जायचा' या वाक्यातला 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कोणाकडे, हे विचारलं पाहिजे.

केशवपनाविरुद्धच्या लढाईत आमच्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. आगरकरांनी लेखणी चालवली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. मला ही घटना फार मोठी वाटते. आपल्या हातून होणारं काम चुकीचं आहे म्हणून हत्यार खाली ठेवायचं, तेही पोटावर पाय देऊन! आम्ही संगणकवाले व्यावसायिक नीतिमत्तेवर व्याख्यानं ऐकतो, तिथे हे उदाहरण कोणी देत नाही. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मधून येत होती. तिच्यातल्या यमूचं केशवपन वाचून त्या काळी किती घरांत रडारड झाली असेल, कल्पना करा.

देवरूखच्या जोशांच्या घरात दोन बहिणी होत्या, दोघी विधवा. थोरली गोदू मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि ११ मार्च १८९३ ला तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. या लग्नापायी मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जिल्हा एकच, लग्न लावायचं धाडस दाखवणारेही आमचे आणि वाळीत टाकणारेही आमचेच. धाकटी बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्यांनी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, पुढे थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. बरीच वर्षं त्यांनी केशवपन चालू ठेवलं होतं, आणि मग पुष्कळ विचार करून थांबवलं. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलंय. केस वाढू देणं ही एवढी साधी गोष्ट, पण ती करायला प्रौढ वयातल्या, गावोगाव फिरलेल्या बाईलाही मन घट्ट करावं लागलं.

माझ्या आजीच्या आत्येपर्यंत यातलं किती पोचलं? देवरूख काही फार लांब नाही. बातमी पोचली असणारच. पण वस्तरा थांबला नाही. इतिहासाच्या पुस्तकात 'चाल बंद पडली' असं एका वाक्यात असतं, घराघरांत ती वेगवेगळ्या तारखांना बंद पडते.

यानंतर शाम्पूकडे बघितलं की तो जरा वेगळा दिसतो. शब्द आपलाच, 'चाँपो', म्हणजे दाबा, चोळा. आपल्या 'पाय चेपणे'ची आठवण व्हावी असा. तो इंग्लंडात गाजवला शेख दीन मुहम्मद या पाटण्याच्या माणसाने. जन्म १७५९, कंपनीच्या फौजेत नोकरी, मग आयर्लंड आणि शेवटी ब्रायटनला समुद्रकिनाऱ्यावर स्नानगृह. तिथे तो औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवून लोकांचं अंग रगडून देई. त्यावर १८२२ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. राजा चौथ्या जॉर्जचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला. तेव्हा शाम्पू म्हणजे चोळणं, बाटली नव्हे. नंतर अर्थ सरकत सरकत डोक्यावर गेला. १९३४ मध्ये अमेरिकेत 'ड्रीन' नावाचा कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू आला, जड पाण्यातही साका न होणारा. म्हणजे शिकेकाईला जे येत होतं ते कारखान्याला जमलं. १९६४ मध्ये सनसिल्क भारतात आलं. पण बाटली शहरातली. खेड्यात क्रांती केली ती पुडीने. तमिळनाडूतल्या कडलूरला आधी 'वेल्वेट'ची आणि मग १९८३ पासून 'चिक'ची पुडी आली, पुढे तर अगदी आठ आण्यांत.

आमच्या कोकणात ती मुंबईच्या चाकरमान्यांच्या पिशवीतून आली आणि मग किराणा दुकानाच्या दारात माळेसारखी लटकली. आज पुळ्याच्या किनाऱ्यावर वाळूत त्या रिकाम्या पुड्या दिसल्या की मीही चिडतो. पण माझी मामी एकदा म्हणाली होती ते विसरता येत नाही: "अरे, तुला शिकेकाईचं कौतुक. मला आठवडाभर ते कुटणं आणि उकळणं करावं लागायचं. पुडी आली तेव्हा मी पहिल्यांदा रविवारी दुपारी झोपले." शाम्पूच्या इतिहासात हे वाक्य असायला हवं.

म्हणून मी शिकेकाई सोडा असं म्हणत नाही, उलट करून बघा असंच म्हणतो. फक्त स्वतः करा. एका डोक्यापुरतं प्रमाण, आजोळी चालतं तसं:

शिकेकाईच्या दहा-बारा शेंगा, बिया काढलेले सहा-सात रिठे आणि मूठभर वाळलेला आवळा रात्री दीड लिटर पाण्यात भिजत घाला. शक्यतो स्टीलच्या पातेल्यात, काळा रंग नको असेल तर लोखंडी नको. सकाळी मंद आंचेवर वीसेक मिनिटं उकळा. फार खळखळ उकळू नका, फेस उतू जातो आणि शेगडी घासत बसावी लागते. गार झालं की हाताने कुस्करा आणि जुन्या सुती कपड्यातून गाळा. हा झाला धुवायचा काढा. केस आधी नुसत्या पाण्याने ओले करा, मग हा हळूहळू मुळांना चोळा. फेस शाम्पूइतका येणार नाही, वाट बघू नका.

शेवटच्या तांब्यासाठी वेगळं पातेलं. लिटरभर पाण्याला उकळी आली की आच बंद करा, त्यात गवती चहाची चार-पाच पाती आणि जास्वंदीची आठ-दहा पानं चुरडून टाका आणि झाका. कोमट झालं की गाळा. पानं उकळत ठेवली तर गर दाट होऊन गाळताना जीव जातो. घरात गवती चहा नसेल तर चहाची पूड चमचाभर चालते, पण पांढऱ्या पंचाला डाग पडतील. केस स्वच्छ धुऊन झाले की हे पाणी सावकाश ओता. काही जण नंतर पुन्हा साधं पाणी घेतात, काही नाही.

धोक्याच्या सूचना: डोळे मिटा. पहिल्यांदा करताना कानामागे थोडं लावून दिवसभर थांबा, काहींना खाज येते. काढा दोन दिवसांपलीकडे ठेवू नका, वास मारायला लागतो. उरलेलं पाणी विहिरीत, तळ्यात सोडू नका. सॅपोनिन माशांना विषारी असतं, रिठ्यासारख्या वनस्पतींनी मासे गुंगवून पकडायची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. माडाच्या आळ्यात ओता. आणि याने टकलावर केस येत नाहीत. मी स्वतः पुरावा आहे. गेलेले केस आणायचं काम या काढ्याने कधीच केलं नाही, असलेले केस स्वच्छ आणि मऊ ठेवायचं केलं, आणि ते चांगलं केलं.

आमच्या घरी हल्ली महिन्यातून एकदा रविवारी हा प्रकार होतो. भिजत घालणं, उकळणं, गाळणं, पातेली घासणं हे खातं माझ्याकडे आहे. आजीच्या आत्येसारखं वेणी हातात धरून मला काही कळत नाही, मी शेंगा मोजून घालतो.

तुमच्या घरी काढ्यात आणखी काय घालत, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल की आणखी काही, ते घरातल्या थोरल्या माणसांना जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी एक विचारा: तो उकळायचं कोण? विचारायला माणसं आहेत तोवर विचारलेलं बरं.